बेपर्वाईचं सोयीस्कर कारण

परदेशातून परतलेल्या माणसाच्या हातात मोबाइलचं भरमसाट बिल पडलं की आजूबाजूच्यांचा निकाल तयार असतो. डेटा बंद का नाही ठेवलास? पॅक का नाही घेतलास? उतरल्या उतरल्या तिथलं सिम का नाही टाकलंस? पर्यटन पुरवण्यांतले लेख, टूर कंपन्यांच्या प्रवासापूर्वीच्या बैठका आणि घरातला 'मोबाइलमधलं सगळं कळणारा' भाचा यांचं या एका बाबतीत एकमत असतं: परदेशात फोन महाग पडतो तो वापरणाऱ्याच्या गाफीलपणामुळे, आणि शहाण्याला तो महाग पडतच नाही. सल्ला म्हणून यात वावगं काही नाही. डेटा रोमिंगचं बटण बंद ठेवावं, हे खरंच. पण हा सल्ला बघता बघता कारण म्हणून सांगितला जाऊ लागतो आणि तिथेच गफलत होते. बिल का आलं, तर बटण चालू राहिलं म्हणून, इथेच चौकशी संपते. एका एमबीला मुळात तेवढे पैसे का पडावेत, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की रोमिंगचे चढे दर अंतरामुळे नाहीत, यंत्रणेच्या खर्चामुळे नाहीत आणि प्रवाशाच्या बेपर्वाईमुळे तर नाहीतच. जो घासाघीस करतो त्याला पैसे भरावे लागत नाहीत आणि जो पैसे भरतो त्याला घासाघीस करता येत नाही, अशा बाजाराचे ते दर आहेत. जिथे जिथे ते खाली आले तिथे बहुतेक वेळा नियामकाने हात घातला तेव्हाच आले.

आधी यंत्रणा पाहू, कारण 'परदेश म्हणजे लांब, लांब म्हणजे खर्चिक' ही समजूत तिथेच तपासता येते. मुंबईहून निघालेलं विमान दुबईत टेकतं, प्रवासी फोनचा विमान-मोड काढतो. फोन जवळच्या टॉवरला सिममधला ओळखक्रमांक कळवतो. त्याचे पहिले तीन अंक ४०४ किंवा ४०५ असले की तिथल्या कंपनीला कळतं की हे सिम भारतातलं. पुढच्या अंकांवरून कुठल्या कंपनीचं तेही कळतं. ती भारतातल्या कंपनीच्या नोंदवहीला विचारते: हा तुमचाच ना, याला सेवा द्यायची ना? होकार येतो आणि फोनवर स्वागताचा मेसेज झळकतो. हा सगळा संवाद काही सेकंदांचा आणि काही मोजक्या बाइट्सचा. पुढची गंमत डेटाची. रोमिंगवर असलेल्या प्रवाशाने दुबईत बसून दुबईच्याच मेट्रोचा नकाशा उघडला, तरी त्याची मागणी बहुतेक वेळा समुद्राखालच्या केबलमधून भारतातल्या कंपनीपर्यंत येते, तिथून इंटरनेटवर जाते आणि नकाशा त्याच उलट्या वाटेने दुबईला पोहोचतो. हा हेलपाटा ऐकून कुणी म्हणेल, मग पैसे पडणारच. पण साताऱ्यात बसलेला एखादा मुलगा युरोपातल्या सर्व्हरवरचं काही पाहतो तेव्हाही डेटा समुद्राखालच्या केबलमधूनच येतो आणि त्याच्या महिन्याच्या रिचार्जमध्ये त्यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही. समुद्र तोच, काच-तंतू तेच. साताऱ्याच्या मुलाला फुकटात जमा होणारं अंतर दुबईतल्या त्याच्या वडिलांना मात्र मोजून द्यावं लागत असेल, तर दर ठरवणारी गोष्ट अंतर नव्हे.

मग दर ठरतो कसा? पाहुण्याला सेवा देणारी परदेशी कंपनी आणि पाहुण्याची मूळ कंपनी यांच्यात एक घाऊक दर ठरलेला असतो. त्यावर आपली कमाई चढवून मूळ कंपनी ग्राहकाला किरकोळ दर लावते. घाऊक दराची छापील यादी असते, पण प्रत्यक्ष व्यवहार तिच्यावर होत नाही. मोठे समूह एकमेकांना सवलती देतात, तुम्ही इतकी रहदारी आमच्याकडे वळवा, आम्ही इतकी तुमच्याकडे वळवतो असे करार होतात, आणि हे करार गोपनीय असतात. डॉक्टर औषध लिहून देतो आणि पैसे रुग्ण भरतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे औषधाच्या पाकिटावर किंमतही छापलेली नसते. आपल्या कंपनीने दुबईत कुणाशी किती दराने करार केला, हे ग्राहकाला कधी कळत नाही. सिम घेताना तो पाहतो ते घरचे दर, आपल्या गल्लीत रेंज येते का, महिन्याचा रिचार्ज केवढ्याचा. तीन वर्षांतून एकदा होणाऱ्या प्रवासातला रोमिंगचा दर पाहून कुणी सिम निवडत नाही. त्यामुळे रोमिंग स्वस्त केलं म्हणून कंपनीला नवे ग्राहक मिळत नाहीत आणि महाग ठेवलं म्हणून जुने जात नाहीत. स्पर्धा आहे, पण ती या दरापर्यंत पोहोचतच नाही. पॅक नावाच्या प्रकाराने तर ही गोष्ट उघडीच पाडली आहे. तोच प्रवासी, तोच टॉवर, तोच एमबी. निघण्यापूर्वी पॅक घेतला तर एक दर, न घेता वापरला तर त्याच्या कितीतरी पट. पॅकच्या दरात कंपनी तोट्यात जात नसेल, आणि ती धर्मादाय संस्था नसल्याने जात नाही असंच धरलं पाहिजे, तर पॅकशिवायचा दर नेमका कुठल्या खर्चापोटी आहे?

युरोपमध्ये हा प्रश्न अंदाजावर राहिला नाही. युरोपीय आयोगाने आधी स्पर्धा कायद्याचा मार्ग धरला. २००४ आणि २००५ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीतल्या बड्या कंपन्यांवर घाऊक रोमिंगचे दर अवाजवी असल्याचे आरोप ठेवले. त्या वाटेने काम होत नाही हे दिसल्यावर २००७ मध्ये थेट नियम आला: रोमिंगवर असताना केलेल्या कॉलला मिनिटाला जास्तीत जास्त ४९ सेंट, आलेल्या कॉलला २४ सेंट. कंपन्यांनी हाकाटी केली. व्होडाफोन, ओ-टू, टी-मोबाइल आणि ऑरेंज यांनी ब्रिटनमधून दाद मागितली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि जून २०१० मध्ये न्यायालयाने दरमर्यादा वैध ठरवल्या. डेटाच्या किरकोळ दराला २०१२ मध्ये पहिल्यांदा मर्यादा आली ती एमबीला ७० सेंट, म्हणजे एका जीबीला ७०० युरो. ही नियमाने आखलेली मर्यादा होती, म्हणजे त्याआधी काय चाललं असेल ते ओळखावं. २०१४ मध्ये ती २० सेंटवर आली. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा वेगळा आकारच रद्द झाला आणि कंपन्यांनी आपापसांत घ्यायच्या घाऊक दराला मर्यादा घातली गेली ती एका जीबीला ७ युरो ७० सेंट. २०२२ च्या सुधारित नियमात ती २ युरो झाली आणि टप्प्याटप्प्याने उतरत २०२७ मध्ये १ युरोवर यायची आहे. २०१२ मध्ये ज्या जीबीसाठी ग्राहकाकडून ७०० युरो घेणं कायदेशीर होतं, तो जीबी पाचच वर्षांनी कंपन्या एकमेकींना आठ युरोंच्या आत देऊ शकत होत्या. दरम्यान तंत्रज्ञान सुधारलं, हे मान्य. चौथ्या पिढीच्या जाळ्यांनी डेटा स्वस्त केला. पण तो स्वस्तपणा घरच्या दरांत आपोआप उतरला आणि रोमिंगच्या दरांत मात्र प्रत्येक पायरीला कायद्याने ओढून उतरवावा लागला.

इथे एक रास्त शंका येते: कदाचित नियम नसता तरी दर घसरलेच असते, कायद्याने केवळ श्रेय घेतलं. या शंकेचं उत्तर ब्रिटनने दिलं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि संक्रमणाचा काळ २०२० अखेर संपला. नव्या व्यापार करारात रोमिंग फुकट ठेवण्याचं बंधन नव्हतं. २०२१ च्या सुरुवातीला चारही मोठ्या कंपन्या सांगत होत्या की आकार पुन्हा लावण्याचा आमचा विचार नाही. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यापासून घोषणा सुरू झाल्या आणि २०२२ मध्ये व्होडाफोन, ईई आणि थ्री यांनी नव्या ग्राहकांना युरोपात दिवसाला एक-दोन पौंडांचा आकार लावला. एकटी ओ-टू त्यातून दूर राहिली. इंग्लिश खाडी रुंद झाली नव्हती, फ्रान्समधले टॉवर महागले नव्हते, ब्रिटिश पर्यटक अचानक गाफील झाले नव्हते. बदलला होता तो फक्त कायदा. अर्थशास्त्रात असा स्वच्छ प्रयोग क्वचितच हाती लागतो.

महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या सहलींच्या मार्गावरच याचा दुसरा पुरावा पडलेला आहे. पॅरिस, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली अशी बस फिरते. पॅरिसमध्ये विकत घेतलेलं सिम पुढे ऑस्ट्रियात आणि इटलीत जादा पैसे न घेता चालतं. मधल्या स्वित्झर्लंडमध्ये चालेलच असं नाही, आणि चाललं तरी कुठल्या दराने ते कंपनीच्या मर्जीवर. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातही नाही, म्हणून संघाचा रोमिंगचा नियम तिथे लागू नाही. त्याच्या कुशीतला लिख्टेनश्टाइन हा चिमुकला देश मात्र आर्थिक क्षेत्रात आहे. बस वाडुझला फोटोंसाठी थांबते तेव्हा फोन नियमाच्या आत असतो; ऱ्हाइन नदी ओलांडून बस पलीकडच्या काठाला लागली की बाहेर. नदीच्या दोन काठांवर रेडिओलहरींचा खर्च वेगळा असतो, असं कुठल्याही अभियंत्याने अजून म्हटलेलं नाही. अशा ठिकाणी बिल आलं तर टूर मॅनेजर म्हणणार, 'मी बसमध्ये सांगितलं होतं की.' त्याने सांगितलेलं असतंही. पण नदीच्या मध्यावर दर बदलतो हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी बसमधल्या आजोबांची कशी काय झाली?

आपल्याकडे हे सगळं नवं नाही, फक्त विसरलं गेलं आहे. दूरसंचार खात्याने देशाची २२ सर्कलमध्ये वाटणी केली. त्यात मुंबई हे वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसरं. म्हणून एके काळी नागपूरचं सिम पणजीत घरचंच आणि पुण्याचं सिम मुंबईत परकं असे. हजार किलोमीटरवर रोमिंग नव्हतं आणि दीडशेवर होतं, यात अंतराचा संबंध शोधून दाखवावा. तेव्हाही लोक मुंबईच्या हद्दीत शिरताना येणारे फोन कापत असत, कारण उचललेल्या फोनचेही पैसे जात. मिस्ड कॉल देण्याची आपली राष्ट्रीय कला त्याच काळात बहरली. २०१२ च्या दूरसंचार धोरणाने देशभर रोमिंगमुक्तीचं उद्दिष्ट ठेवलं, दूरसंचार नियामक ट्रायने २०१३ मध्ये दर उतरवले आणि २०१५ मध्ये रोमिंगवर येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैशांवर आणली. कंपन्यांचा युक्तिवाद ठरलेला होता: रोमिंग फुकट केलं तर न फिरणाऱ्या गरीब ग्राहकावर बोजा पडेल. २०१६ मध्ये जिओ देशांतर्गत रोमिंगचा आकार न लावता बाजारात उतरली आणि वर्षभराच्या आत इतर मोठ्या कंपन्यांनाही तो सोडावा लागला. इथे नियमाइतकंच काम स्पर्धेने केलं, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. पण जिओचं जाळं देशभर तिचं स्वतःचं होतं. दुसऱ्याकडून घाऊक दराने काही विकत घ्यायचं नव्हतं. परदेशात तशी परिस्थिती नसते. तिथे प्रत्येक कंपनी दुसऱ्याच्या दारात उभी असते, म्हणून नवी कंपनी येऊन ही गाठ सोडवील, अशी आशा करण्यात अर्थ नाही.

आता बेपर्वाईच्या आरोपाकडे नीट पाहू, कारण लोकांना तोच सर्वांत पटतो. फोन खिशात असतानाही काम करत असतो. आजचे फोटो ऑनलाइन साठवणुकीत चढवतो, अ‍ॅप अद्ययावत करतो, ईमेल ओढतो, हवामान विचारतो. ही सगळी कामं मालकाने सांगितलेली नसतात. फोन बनवणाऱ्यांनी आणि अ‍ॅप लिहिणाऱ्यांनी ती मुळातच चालू ठेवलेली असतात, कारण घरी अमर्याद डेटा गृहीत धरलेला असतो. अशा यंत्राच्या हातून झालेल्या खर्चाला मालकाची बेपर्वाई म्हणणं ही शब्दांची चलाखी आहे. युरोपने २०१० मध्ये यावर साधा तोडगा काढला. ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल तर डेटा रोमिंगचा खर्च महिन्याला ५० युरोंवर पोहोचताच सेवा थांबवायची, आणि त्याआधी इशारा द्यायचा. लोकांच्या सवयी त्या जुलैत बदलल्या नाहीत, बदललं ते कंपन्यांचं कर्तव्य. आणि तरीही हजारो युरोंची बिलं थांबवता आली. यावर कंपन्या म्हणत की परदेशी कंपनीकडून वापराची नोंद यायला वेळ लागतो, आम्ही तरी बिल वेळेत कसं थांबवणार? हे उत्तर ऐकायला ठीक वाटतं, पण टिकत नाही. चोरीच्या सिमवरून परदेशातून हजारो रुपयांचे कॉल होऊ लागले आणि नुकसान कंपन्यांच्या अंगावर आलं, तेव्हा याच उद्योगाने नोंदी चार तासांच्या आत एकमेकांना कळवण्याची व्यवस्था उभी केली. २००८ पासून ती वापरात आहे. प्रीपेडचं तर याहून पुढचं. भारतातले दहापैकी नऊहून अधिक मोबाइल ग्राहक प्रीपेड आहेत आणि बँकॉकमध्ये शिल्लक संपली की त्यांचा कॉल तिथल्या तिथे तुटतो. म्हणजे स्वतःचे पैसे बुडायची वेळ आली की यंत्रणा क्षणाचा हिशेब ठेवते, आणि ग्राहकाचे बुडायची वेळ आली की तिला महिन्याअखेरपर्यंत काही दिसत नाही.

ई-सिमचा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे. हल्ली प्रवासी विमानात बसण्यापूर्वी प्रवासाचं ई-सिम विकत घेतात, थोड्या पैशांत काही जीबी मिळतात आणि रोमिंगची कटकट संपते. मग कशाला नियमन? एक तर हे सर्वांना मिळत नाही: साध्या फोनला ई-सिम चालत नाही, आणि जिथे स्थानिक सिम घ्यायचं तिथे पासपोर्ट, फॉर्म आणि सौदीसारख्या देशात बोटांचे ठसेही लागतात. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. प्रवासासाठी विकली जाणारी ही ई-सिमं बहुधा त्या देशाची नसतातच. फ्रान्ससाठी घेतलेलं ई-सिम आतून हाँगकाँगच्या किंवा पोलंडच्या कंपनीचं असतं आणि फ्रान्समध्ये ते रोमिंगच करत असतं. म्हणजे मधला दलाल घाऊक दराने रोमिंग विकत घेतो, त्यावर नफा ठेवतो, जाहिरातीवर खर्च करतो आणि तरीही आपल्या कंपनीच्या पॅकशिवायच्या दराच्या अगदी किरकोळ हिश्श्यात विकू शकतो. जे ई-सिम रोमिंग नियमनाविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केलं जातं, ते खरं तर त्याच्या बाजूचा साक्षीदार आहे. घाऊक रोमिंग स्वस्त आहे, हे त्याच्याइतकं स्पष्ट कुणीच सांगितलेलं नाही.

शिवाय भारतीय प्रवाशाला आपलं सिम खिशातून काढून टाकता येत नाही, ही अडचण युरोपीय माणसाला इतकी कळणार नाही. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. क्रेडिट कार्डाचं बिल, घरच्या विजेचं बिल, आधारशी जोडलेली कामं, सगळ्यांच्या किल्ल्या त्या दहा अंकांत आहेत. म्हणून जर्मनीत शिकणारा मुलगा, ऑनसाइट गेलेली अभियंता, आखातात नोकरीला असलेला रत्नागिरीचा किंवा रायगडचा माणूस आपलं भारतीय सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत जपून ठेवतो, त्याची मुदत संपू नये म्हणून रिचार्ज करत राहतो, आणि ओटीपी यावा म्हणून त्याचं रोमिंग चालू ठेवतो. ओटीपीचा मेसेज सहसा फुकट येतो. पण सिम चालू आहे म्हटल्यावर गावाकडून कुणी सवयीने फोन लावला आणि तो उचलला गेला, की उचलणाऱ्याच्या खात्यातून पैसे जातात. नंबर सोडून देण्याची मुभा नसलेल्या ग्राहकाला 'दुसरं सिम घ्या' सांगणं हा अर्धाच सल्ला झाला. हा पेच थोडा सैल होतो आहे. काही मोजक्या देशांतल्या अनिवासी भारतीयांना तिथल्या नंबरवर यूपीआय वापरण्याची वाट २०२३ मध्ये मोकळी झाली आणि रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत एसएमएसच्या ओटीपीखेरीज इतर मार्गांना जागा दिली. पण बँकांच्या सवयी निर्देशांच्या वेगाने बदलत नाहीत.

'परदेशी जाणारे ऐपतदारच असतात, त्यांची कणव कशाला?' हाही एक आक्षेप असतो, आणि तो करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा स्वित्झर्लंडमधल्या टिटलिसच्या बर्फात फोटो काढणारे असतात. हजच्या यात्रेकरूंकडे पाहावं. भारताचा कोटा पावणेदोन लाखांच्या घरात आहे. त्यात मराठवाड्यातले, कोकणातले, आयुष्यभराची पुंजी जोडून निघालेले वृद्ध असतात, आणि मुक्काम महिन्याहून अधिक. त्यांच्यासाठी सरकारने २०२४ मध्ये हज सुविधा अ‍ॅप आणलं. अ‍ॅप चांगलंच आहे, पण ते इंटरनेटशिवाय चालत नाही. आखातात तर 'व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट बोला' हा उपायही सगळीकडे लागू पडत नाही; अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल बंद असतात आणि परवाना दिलेल्या ठराविक अ‍ॅपवरच बोलता येतं. यूपीआयची कथा याच जातीची. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी यूपीआय सुरू झालं, त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशसमध्येही. समारंभ झाले, छायाचित्रं आली. आता पॅरिसमध्ये यूपीआयचा क्यूआर कोड स्कॅन करायला डेटा लागतो, आणि तो रोमिंगवर घेतला तर पॅकची किंमत तिकिटाच्या जोडीला येऊन बसते. सरकारच प्रवाशाला फोन काढायला लावत असेल, तर तो फोन चैनीचा राहिला नाही आणि त्याच्या दराकडे काणाडोळा करण्याचं कारणही उरलं नाही.

न फिरणाऱ्यावर बोजा पडेल, या आक्षेपाचा समाचार मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो वरवर न्यायाचा वाटतो. तर्क असा की कंपनीचं उत्पन्न म्हणजे एक पिशवी. रोमिंगकडून दाबली तर घरच्या दरांकडून फुगेल. तर्क खरा असता तर उलट दिशेनेही खरा ठरला असता: ब्रिटनमध्ये रोमिंगचे पैसे परत सुरू झाल्यावर घरचे दर तेवढे उतरायला हवे होते. घडलं ते असं की ईई आणि व्होडाफोन यांच्या करारांत दरवर्षी महागाई दर अधिक ३.९ टक्के अशी वाढ लिहिलेली होती, आणि २०२३ च्या वसंतात ती १४.४ टक्के भरली. फिरणाऱ्याकडून घेतलेला पौंड घरी बसणाऱ्याच्या खिशात काही गेला नाही. शिवाय रोमिंग स्वस्त झालं की लोक ते वापरतात. २०१७ च्या नियमानंतर युरोपात रोमिंगवरचा डेटा कित्येक पटींनी वाढला. जे लोक आधी फोन बंद करून फिरत ते नकाशे उघडू लागले. ज्या लहान कंपन्यांना हे खरोखर परवडणार नव्हतं त्यांना नियामकाकडे हिशेब दाखवून सवलत मागण्याची सोय नियमातच ठेवली होती. हिशेब दाखवण्याची अट तेवढी होती, आणि मला वाटतं विरोधाचं खरं दुखणं तिथेच असावं.

शेवटचा प्रश्न व्यवहाराचा. भारत युरोपीय संघासारख्या कुठल्या संघात नाही. दुबईतल्या कंपनीने घाऊक दर किती लावावा हे ट्राय कसं ठरवणार? एकट्याने नाहीच ठरवणार. पण युरोपखेरीज इतरांनीही वाट काढली आहे. सिंगापूर आणि मलेशियाच्या नियामकांनी २०११ मध्ये आपसांत बोलून रोमिंगचे दर उतरवले. आखाती सहकार्य परिषदेच्या देशांनी २०१६ पासून एकमेकांसाठी मर्यादा लावल्या. केनिया, युगांडा, रवांडा आणि दक्षिण सुदान यांनी २०१४ मध्ये एकच जाळं मानून कॉलचे दर आखले. यांतल्या कुणाकडे युरोपीय संघाच्या ब्रसेल्ससारखं केंद्र नव्हतं. आपल्याकडे मात्र आंतरराष्ट्रीय रोमिंगचे दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना दिलेली आहे. ट्रायने २०२० मध्ये या विषयावर शिफारशी केल्या तेव्हा भर होता तो ग्राहकाला वेळेत इशारा देण्यावर आणि बिलाच्या धक्क्यापासून वाचवण्यावर. ते गरजेचं होतं; पण दराला त्यात हात लागला नाही, म्हणजे पुन्हा ग्राहकालाच सावध करून विषय मिटवला. अमिरातीशी आपला व्यापार करार २०२२ पासून अमलात आहे, ब्रिटनशी २०२५ मध्ये सही झाली. जिथे लाखो भारतीयांची ये-जा आहे आणि तिथल्यांनाही भारतात यायचं असतं, तिथे दोन्ही नियामकांनी घाऊक दराची मर्यादा ठरवणं परराष्ट्र धोरणातलं फार मोठं साहस नव्हे. तोवर ट्रायला परवानगीविना करता येण्याजोगी एक गोष्ट आहे: प्रत्येक कंपनीकडून प्रत्येक देशासाठीचा सवलती धरून प्रत्यक्ष पडणारा घाऊक दर मागवावा, आणि किरकोळ दर त्याच्या किती पट आहे एवढा एक आकडा दर तिमाहीला प्रसिद्ध करावा. गोपनीय करार गोपनीय राहतील; फक्त पट कळेल. त्यानंतर दुबईच्या बिलासाठी प्रवाशाला बोल लावायचा की नाही, ते तो आकडा शेजारी ठेवून ठरवता येईल.